पाण्याचं वजन

काट्यावर सगळ्यात आधी मनसुख चढला. पुढे व्हायचं असलं की तो कधी मागे राहत नसे आणि निस्तरायची वेळ आली की सापडत नसे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

"एकोणऐंशी," काउंटरवरच्या मुलीने मोठ्याने वाचलं आणि कागदावर लिहिलं.

विमानात माणसं मोजून घेतात हे वघासिया कुटुंबाला ऐकून माहीत होतं. जोखून घेतात हे मात्र सुरतेच्या विमानतळावर येईपर्यंत कुणाच्या गावीही नव्हतं. पण पारेवा एअरचं हे विमान पडलं नऊ आसनांचं, आणि आजचं सुरत-भावनगर म्हणजे कंपनीचं वेळापत्रकातलं पहिलंवहिलं उड्डाण. नऊ माणसं, त्यांचं सामान, दोन वैमानिक, सगळ्याची बेरीज ठरल्या आकड्याच्या आत बसली पाहिजे, आणि कोण कुठे बसणार तेही वजनावरच ठरणार, असं त्या मुलीने हसतमुखाने सांगितलं. तिच्या पाठीमागे झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. काचेपलीकडे उभ्या असलेल्या विमानाच्या नाकावर भटजींनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं आणि चाकाखाली ठेवलेलं लिंबू काढायचं की ठेवायचं यावरून वैमानिकाची नि त्यांची मघापासून हुज्जत चालली होती.

थोरले धीरूभाई अठ्ठ्याऐंशी भरले. त्यांच्या बायकोची, कंचनभाभीची पाळी आली तेव्हा तिने आधी चपला काढल्या, मग त्या मुलीच्या कानाशी लागून आकडा मोठ्याने वाचू नकोस म्हणून विनवलं. मुलगी शहाणी होती, मुकाट्याने लिहून मोकळी झाली. मनसुखने मान लांब करून पाहिलंच, पण भाभीने त्याच्याकडे असं बघितलं की तोंडावर आलेला विनोद त्याने गिळला. दोघा भावांची बहीण जशू सत्तेचाळीस किलो भरली. बापुजी, म्हणजे या तिघांचे वडील मावजीबापा, वयाने एकोणऐंशी आणि वजनाने एक्कावन्न.

"बापुजींना अर्ध्या तिकिटात बसवता आलं असतं," मनसुख म्हणाला, आणि यावर बापुजीही हसले.

जशूला बरं वाटलं. दोन दिवसांपूर्वी ती भावनगरहून रात्रभराची बस करून बापुजींना न्यायला आली होती, तेव्हापासून ते पहिल्यांदा हसले होते. उद्या सकाळी तिच्या घराची वास्तुशांत होती. नवऱ्याच्या माघारी पंधरा वर्षं महापालिकेच्या शाळेत पोरं शिकवून, कर्ज काढून, तळाजा रस्त्याला तिने दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. दारावर पाटी तिच्या नावाची. आजवर बापुजींना बोलावलं की एकच उत्तर यायचं, की आखाताला वळसा घालून अकरा तास बसमध्ये बसायचं आता हाडांना झेपत नाही. समोरासमोरची दोन गावं, मधे नुसता समुद्र, आणि घोघ्याची बोट सुरू होणार, होणार म्हणता म्हणता मनसुखच्या मुलीचं लग्न झालं. म्हणून पारेवाची जाहिरात आली त्या सकाळीच जशूने धीरूभाईंना फोन करून तिकिटं काढायला लावली होती. चाळीस मिनिटांच्या वाटेला कुठली हाडं दुखतात, असं तिने बापुजींना विचारलं, तेव्हा ते यायला कबूल झाले.

सामान तोलायला घेतलं तेव्हा खरा घोटाळा झाला.

माणशी पाच किलो असा नियम होता. धीरूभाईंनी घरी हिऱ्याच्या कारखान्यातली शिस्त लावून पाच पिशव्या साध्या काट्यावर बरोबर पंचवीस किलोंच्या करून आणल्या होत्या. त्यांनी गर्वाने त्या एकेक करून ठेवल्या. मग त्या मुलीने बाजूला बोट दाखवून विचारलं, की हे कुणाचं?

बाजूला दोन वस्तू होत्या. एक तांब्याची घागर, लाल फडक्यात बांधलेली. आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन.

"आमचंच आहे," धीरूभाई म्हणाले. "पण ते सामान नव्हे. ही शुभाची घागर, ती मांडीवर धरायची. आणि ते तर नुसतं पाणी आहे."

त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. आयुष्यभर बसने, गाडीने, ट्रकच्या हौद्यात बसून प्रवास केलेला माणूस. पाण्याला कुणी सामान म्हणतं, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मुलीने दोन्ही वस्तू काट्यावर ठेवल्या. घागर पाच किलो, पाणी पाच किलो. दहा किलो वर गेलं. ज्यादा पैसे भरतो म्हणून धीरूभाईंनी खिशात हात घातला तर ती म्हणाली, काका, पैशाचा प्रश्नच नाही, विमान तेवढंच उचलतं.

"पण एवढं पाणी कशाला?" तिने सहज विचारलं. "भावनगरला पाणी मिळतं की."

"बापुजींचं आहे," धीरूभाई म्हणाले. "दोन दिवसांचं."

जशूने तो कॅन सकाळी घराच्या दाराशी पाहिला होता. ड्रायव्हरचा असेल असं तिला वाटलं होतं, किंवा तसं वाटून घेणं तिला सोयीचं होतं.

बाप लेकीच्या घरी पाणी पीत नाही, हा काठेवाडात काही फक्त वघासियांचा रिवाज नव्हे. जी दिली तिच्याकडून काही घ्यायचं नाही. द्यायचं तेवढं द्यावं, घ्यायचं मात्र काही नाही. पण बहुतेक घरांतून तो आता सैल पडला होता. बापुजींचा मात्र दिवसेंदिवस घट्ट होत गेला. आधी लेकीच्या घरचं पाणी सोडलं, मग तिच्या गावचंच सोडलं. जशूचा नवरा गेला तेव्हा मे महिन्यात ते दिवसभर ओसरीवर कोरड्या तोंडाने बसून राहिले होते. मनसुखने दुकानातून बंद बाटली आणून दिली, तर त्यांनी चष्मा लावून वरचा कागद वाचला. कारखाना सिहोरजवळचा, म्हणजे जशूच्याच मुलखातला निघाला. त्यांनी बाटली खाली ठेवली. त्या दिवशी नवरा गेल्याच्या दुःखातसुद्धा जशूचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या बाटलीकडे जात होतं, आणि त्याची तिला अजून लाज वाटत असे.

ते घर सासऱ्यांचं होतं. हे घर तिचं होतं. तिला वाटलं होतं, की एवढा फरक पुरेसा होईल.

मग पिशव्या उघडल्या गेल्या. झेंडूच्या माळांखाली, बाकीचे चार प्रवासी बघत असताना, वघासियांनी आपला संसार फरशीवर मांडला. घारीच्या मिठाईचे दोन डबे निघाले. भाभीच्या दोन साड्या, धीरूभाईंचा कोट, मनसुखची दुर्बीण. समुद्र बघायला आणली म्हणाला. हे सगळं ड्रायव्हरकडे परत धाडलं तेव्हा पाच किलो उतरले. राहिली ती पूजेची भांडी, बापुजींची औषधं आणि अंगावर घालायचा एकेक जोड. त्यातून काढण्यासारखं काही नव्हतं. आता घागर तरी राहायची, नाहीतर पाणी.

"पाणी न्यायचं," धीरूभाई म्हणाले. "घागर काय, भावनगरच्या बाजारात हजार मिळतील."

"माहेरची घागर बाजारातून आणतात का, मोटाभाई?" मनसुख म्हणाला.

खरं तर मनसुखला घागरीचं एरवी काही पडलेलं नव्हतं. धीरूभाईंनी पूर्व म्हटलं की पश्चिम म्हणायचं, हा कारखान्याची वाटणी झाल्यापासूनचा त्याचा नेम होता. पण आज तो बोलला ते बरोबर होतं. नव्या घरात सगळ्यात आधी पाणियारं, म्हणजे पिण्याच्या पाण्याची जागा, मांडायचं, माहेरहून आलेली घागर तिथे भरून ठेवायची, तिच्यापुढे दिवा लावायचा, मग चूल. त्या दिवशी लेकीच्या पाणियाऱ्यावर बापाची घागर नसली तर गल्लीतल्या बायकांना वर्षभराचं बोलणं मिळतं. ही घागर बापुजींनी स्वतः भागळच्या बाजारात उन्हात उभं राहून, बोटाने वाजवून वाजवून घेतली होती.

"अर्धं पाणी ओतून टाकू," मनसुखने तोड काढली. "अर्ध्याची जागा माझ्या कपड्यांतून करतो."

"अर्ध्याने काय होतंय?" बापुजी पहिल्यांदा बोलले. "उद्या दुपारी संपेल. मग जशूच्या दारात जीभ बाहेर काढून बसू? काय ते एक नक्की करा."

"मग मीच राहतो. माझ्याऐवजी पाण्याचे पंधरा कॅन जातील," मनसुख म्हणाला.

"भाऊ नको आणि पाणी हवं, असली वास्तू करायची आहे का तिला?" धीरूभाई म्हणाले.

मग ते जशूला बाजूला घेऊन गेले. आवाज त्यांनी खालचा ठेवला होता, पण विमानतळ केवढा, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"दिवाळीला तू म्हणालीस, बापुजींना महिनाभर माझ्याकडे ठेवते. तेव्हाच मी ओळखलं. आज पाणी, उद्या जेवण, परवा मुक्काम. सुरतेत आपल्या लोकांची पाचशे घरं आहेत, जशू. दोन मुलगे असून म्हातारा लेकीच्या दारात पडलाय, असं लोक मला म्हणणार, तुला नाही."

"म्हणून कॅन तुम्ही भरलात?"

"मी भरला. पहाटे उठून भरला."

जशूला राग यायला हवा होता, पण धीरूभाईंचा चेहरा बघून तो आला नाही. तेही सत्तावन्न वर्षांचे झाले होते. त्यांनी चौथीत शाळा सोडून घासणीवर बसून हिरे घासले म्हणून मनसुख कॉलेजला गेला आणि जशूचं लग्न थाटात झालं. बापाला शेवटपर्यंत सांभाळलं, एवढीच एक गोष्ट त्यांना स्वतःची म्हणून मिरवायची होती. ती तिने काढून घ्यायची का, हा प्रश्न तिला नव्याने पडला.

"भाऊ," ती म्हणाली, "मला बापुजी ठेवून घ्यायचे नाहीत. एक पेला पाणी प्यायचं, एवढंच."

"एकाच पेल्याने रिवाज मोडतो," धीरूभाई म्हणाले. ते दुष्टपणाने बोलले नव्हते, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बापुजी."

धीरूभाईंना वाटलं, बाकीच्या प्रवाशांपैकी कुणी बाई आहे. वळून पाहतात तर कंचनभाभी. पदर नाकापर्यंत ओढलेला, मान बाजूला, पण उभी सासऱ्यांच्या समोर. चौतीस वर्षांत ती त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. जे सांगायचं ते 'बापुजींना सांगा' म्हणून मुलांमार्फत, नवऱ्यामार्फत, कुणीच नसलं तर भांड्यांच्या आवाजामार्फत. मनसुखच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"बापुजी, माझे बापू गारियाधारहून तुमच्या घरी सात वेळा आले. सातही वेळा स्वतःचा तांब्या घेऊन आले. आठव्या वेळी त्यांची बातमी आली. बाराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, खरा पटेल, लेकीच्या घरचा थेंब घेतला नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी आत पोळ्या लाटत होते. मला एवढंच वाटत होतं, की इतकी वर्षं या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पाणी मी देते, परक्या ड्रायव्हरलाही देते, आणि ज्यांनी मला जन्म दिला त्यांनाच तेवढं दिलं नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्ही ठरवाल ते खरं. पण घागर इथे ठेवून पाणी न्यायचं असेल तर माझं वजन उतरवा आणि दोन्ही न्या. मी घरी जाते."

काउंटरवरची मुलगी कागदात डोकं घालून बसली. धीरूभाईंनी बायकोकडे पाहिलं, मग बापाकडे, मग कुणाकडेच नाही. चौतीस वर्षं कंचन आपल्या बाजूची आहे असं ते धरून चालले होते, आणि तिला त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

बापुजींनी काठीवर दोन्ही हात ठेवले. रागावले असतील असं वाटलं. मग म्हणाले, "आवाज चांगला आहे हिचा," आणि काउंटरकडे बोट केलं. "घागर घ्या."

जशूच्या छातीवरचं ओझं उतरतंय न उतरतंय तोच ते पुढे म्हणाले, "पाण्याचं काय, श्रावणात मी निर्जळी करतच होतो. उद्या संध्याकाळी परत आल्यावर पिईन. दीड दिवसाने माणूस मरत नाही."

"बापुजी, वैशाख आहे," मनसुख म्हणाला.

"मला महिने माहीत आहेत."

झालं. आगीतून निघून फुफाट्यात. धीरूभाईंनी जशूकडे असं पाहिलं की बोलायची गरज राहिली नाही. डॉक्टरांनी बापुजींना दिवसाला आठ पेले सांगितले होते, ते त्यांनीच तिला फोनवर दोनदा ऐकवलं होतं. भाभी कॅन उचलून बाहेर गेली आणि रिक्षावाल्यांच्या माठात रिकामा करून आली. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण पदर कपाळापर्यंत मागे सरकला होता आणि तो पुढे ओढायचं तिने मनावर घेतलं नाही.

विमानाला अर्धा तास होता. जशू बापुजींशेजारी जाऊन बसली. दोघं काचेपलीकडे बघत राहिले. लिंबू शेवटी निघालं होतं. भटजी ते हातात धरून आता कुठे ठेवावं या विचारात उभे होते.

तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा, सत्याऐंशीच्या दुष्काळात, बापुजी तिला भेटायला आले होते. गावात टँकर चार दिवसांनी यायचा. बस बंद पडली म्हणून ते शेवटचे सहा कोस चालत आले आणि ओसरीवर टेकून दोन पेले पाणी प्यायले. तेव्हा ते पीत असत. तिची सासू शेजारणीला म्हणाली, अगदी त्यांना ऐकू जाईल अशी, की व्याही लेकीची किंमत घोटाघोटाने वसूल करताहेत. बापुजींनी पेला उपडा ठेवला आणि राम राम करून उठले. त्यानंतरच सगळं सुरू झालं. लोकांना त्यांनी रिवाज म्हणून सांगितलं, आणि लोकांना ते पटलं, कारण रिवाज होताच. जशू त्या वेळी दारामागे होती. तिने शब्दन् शब्द ऐकला होता. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

विमानात जागा वजनाप्रमाणे मिळाल्या. जड माणसं पुढे, हलकी शेपटाकडे. त्यामुळे धीरूभाई आणि कंचनभाभी एकामागे एक असे पुढे गेले, मनसुख मधे दोन हिऱ्याच्या व्यापाऱ्यांत अडकला, आणि सगळ्यात मागच्या जोडसीटवर जशू आणि बापुजी आले. घागर सामानाच्या कप्प्यात गेली. हवाई सुंदरी नव्हती, चहा नव्हता, काही नव्हतं. वैमानिकाने मागे वळून आपलं नाव सांगितलं, पट्टे बांधायला लावले, पारेवाच्या पहिल्या प्रवाशांचे आभार मानले आणि पंखा सुरू केला. त्यानंतर शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

बापुजींनी विमान उठताना जशूचा हात धरला. तो त्यांनी वर गेल्यावरही सोडला नाही. तापी दिसली, कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या, मग किनारा मागे पडला आणि खाली आखाताचं मातकट पाणी पसरलं. एवढंसं अंतर, आणि त्यासाठी आपण आयुष्यभर अकरा तासांचा वळसा घालत होतो, असं काहीतरी ते म्हणाले. जशूने मान हलवली. केबिनमध्ये ऊन भरलं होतं. बापुजींनी दोनदा ओठांवरून जीभ फिरवली, ते तिला दिसलं.

थोड्या वेळाने ते तिच्या कानाशी वाकले.

"तुझ्या पर्समध्ये बाटली आहे ना? धीरूच्या घरी भरलेली?"

"आहे."

"दे. उतरायच्या आधी पोटभर पिऊन घेतो. मग उद्या संध्याकाळपर्यंत ओढता येईल."

जशूचा हात पर्समध्ये गेलासुद्धा. बाटली बाहेर आली, झाकण अर्धं फिरलं. यात काही अडचणच नव्हती. पाणी सुरतेचं, थोरल्या मुलाच्या घरचं, आणि जागा तर कुणाच्याच घरची नव्हती. बापुजींना त्रास होणार नाही, धीरूभाईंचा जीव भांड्यात पडेल, भाभीचा शब्द राहील. सगळं नीट होईल. आणि उद्या बापुजी नव्या घरात येतील, आपणच आणलेल्या घागरीला हात जोडतील, आणि कोरड्या तोंडाने परत जातील. पुढच्या खेपेला ते येतील की बातमी येईल, कुणी सांगावं.

तिने झाकण परत घट्ट केलं.

"नाही देत," ती म्हणाली.

ऐकू आलं नाही असं वाटून बापुजींनी कान पुढे केला.

"इथे नाही देत, बापुजी. घरी देईन."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने त्यांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं, लग्नालाही नाही. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला तहान लागली आहे आणि आपण बाटली दाबून बसलो आहोत, याची तिला भीती वाटत होती. पण आता मागे फिरलं तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, हेही तिला कळत होतं.

"दुष्काळात तुम्ही आला होतात," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "सासूबाई काय बोलल्या ते मी ऐकलं होतं. मी दारामागेच होते."

बापुजींची बोटं तिच्या मनगटावर घट्ट झाली.

"ऐकलं आणि गप्प बसले. वीस वर्षांची होते, घाबरले. तुम्ही उठून गेलात, मी दारापर्यंतसुद्धा आले नाही. तेव्हा एक शब्द बोलले असते तर तुमचं पाणी तुटलं नसतं. सगळ्यांना मी सांगत आले, आमच्याकडे रिवाज आहे. रिवाज नव्हे, बापुजी. माझी चूक आहे ती."

बापुजी खिडकीकडे वळले. तिला त्यांचा फक्त कान आणि पांढऱ्या गलमिशा दिसत होत्या. पुढे धीरूभाई मान वळवून मागे बघत होते. बाटली हातात आणि बापुजी पीत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. दे ना, अशी त्यांनी हातानेच खूण केली. जशूने मान हलवून नाही म्हटलं. ते पट्टा सोडायला लागले, तेव्हा भाभीने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

"तुला ठाऊक नाही असं वाटायचं मला," बापुजी शेवटी म्हणाले. ते खिडकीकडे बघूनच बोलले, म्हणून तिला वाकून ऐकावं लागलं. "तुला कळलं तर तुझं त्या घरात मन लागणार नाही. म्हणून मीही रिवाज म्हणालो. पुढे म्हणता म्हणता तोच खरा झाला."

जशूला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. बापुजींनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण हातही सोडला नाही. खाली किनाऱ्याची पांढरी रेघ दिसायला लागली, मिठागरांचे चौकोन दिसले.

त्यांनी पुन्हा ओठांवरून जीभ फिरवली. बाटली जशूच्या मांडीवर होती, त्यांच्या हाताच्या अंतरावर. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"अजून किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"विमान दहा मिनिटं. मग रिक्षा, वीस मिनिटं धरा. मग कुलूप उघडायचं."

बापुजींनी मनाशी हिशेब केला.

"बरं," ते म्हणाले. "थांबतो."